चावी ड्रॉवरमध्ये, गाडी बोंबलतेय

त्या गाडीचा हॉर्न अजून माझ्या कानातून गेलेला नाही. नोकरीत मी दंगली पाहिल्या, दरोडे पाहिले, पण माझ्या ठाण्याची सगळी शिस्त भर दुपारी धुळीला मिळवली ती त्या हॉर्नने. निवृत्त झाल्यापासून लोक म्हणतात, साहेब, एखादी मोठी केस सांगा. मोठ्या केसेस प्रत्येक अधिकाऱ्याकडे असतात, म्हणून मी ही सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही, कारण मंडळी सगळी हयात आहेत आणि हंगामात मला आठवणीने चिकूची पेटी पाठवतात.

मी मूळचा सांगलीकडचा. शेवटची पोस्टिंग डहाणू तालुक्यात, घोलवडच्या बाजूला मिळाली. तिकडे चिकूच्या बागेला वाडी म्हणतात, आणि आमच्या ठाण्याच्या मागच्या भिंतीला लागूनच वाडी होती. सुरुवातीला त्या गोड वासाने माझं जेवणात लक्ष लागत नसे. पुढे तो वास मला येईनासा झाला. वास होताच, नाक सरावलं होतं.

एका सकाळी हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलला, तेवढ्यात एक बागायतदार शेठ रिक्षातून उतरले. शेठ रिक्षातून उतरले हीच मोठी बातमी होती. नवी गाडी घेतल्यापासून हा माणूस पानाच्या टपरीवरसुद्धा गाडीने जायचा. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, आणि गाडीत बसून कुणी शेंगदाणा जरी खाल्ला तरी त्याला खाली उतरवायचे, अशी त्यांची ख्याती होती.

“साहेब, माझी गाडी कोणतरी मारून टाकतोय,” ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. “एकदम नाय. हळूहळू.”

गाडीचे चाळे ऐकून मला हसू दाबावं लागलं. डावीकडचा इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे लुकलुकायचे. दारं मनाला येईल तेव्हा लॉक व्हायची. डिकी घट्ट बंद असताना समोर सूचना यायची की डिकी उघडी आहे. आणि परवा तर डहाणू रोडला, स्टेशनसमोरच्या गर्दीत, हॉर्न आपोआप सुरू झाला तो थांबेचना.

“लोकं बघायला जमली. एक जण म्हणतो, शेठ, निवडणुकीला उभे राहिले काय? इज्जत गेली ने, साहेब.”

डहाणू रोडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे तुटलेल्या वायरी सापडल्या होत्या. त्याने त्या जोडल्या. आठवडाभरात पुन्हा तुटल्या. उंदीर असेल, असं मी म्हणून पाहिलं.

“सगळे तेच बोलतात. बॉनेट उघडून बघा तुम्ही, आरशासारखं आहे. उंदीर इंजिनच्या उबेला जातो, डिकीत काय त्याला स्टेपनी खायची आहे? हे काम माणसाचं आहे, आणि माणूस मला ठाऊक आहे.”

माणूस म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा, वय चाळिशीचं. आठवडाभर शेठच्या वाडीवरच्या खोलीत राहायचा आणि रविवारी घरी जायचा. त्याने नुकतंच शेठना सांगितलं होतं की तलासरीच्या एका शाळेच्या बसवर त्याला काम मिळतंय, घराजवळ, तेव्हा महिनाअखेर मी सोडतो. शेठना ते झोंबलं होतं. ड्रायव्हरने सोडतो म्हणायला आणि वायरी तुटायला एकच गाठ पडली.

योगायोग असा की त्याच ड्रायव्हरचा कागद माझ्या टेबलावर होता. शाळेच्या बसवर ड्रायव्हर ठेवायचा तर चारित्र्य पडताळणी लागते. तलासरी ठाण्याने आमच्याकडे अभिप्राय मागवला होता, कारण हा कामाला आमच्या हद्दीत होता. त्यावर मी ‘चौकशी चालू’ एवढं जरी लिहिलं असतं, तरी शाळेने दुसरा माणूस घेतला असता. पोरांची बस आहे, शाळा कशाला विषाची परीक्षा घेईल? म्हणून मी शेठचा तक्रार अर्ज घेतला, पण गुन्हा दाखल करण्याची घाई केली नाही. गाडी ढकलत ठाण्याच्या आवारात आणवली, तिचा पंचनामा करवला आणि चावी माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली.

पंचनामा आमच्या हवालदाराने लिहिला. हा गडी डहाणूजवळच्या नरपड गावचा. डोंगरी ते दर्या, तालुक्यात त्याला ओळखत नाही असं कुत्रं नव्हतं. संध्याकाळच्या आत तो खबर घेऊन आला.

“साहेब, ड्रायव्हर दर शुक्रवारी गाडी घेऊन आमच्या नरपडला येतो. शेठ डहाणूला बँकेत उतरले की हा तिथून सटकतो. आणि गाडी उभी कुठे करतो माहिती आहे? शेठच्या मेव्हण्याच्या घरामागे.”

मेव्हणा म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ झालो. शेठ आणि त्यांचा मेव्हणा यांचा अबोला साऱ्या किनारपट्टीला माहीत होता. कुठल्याशा लग्नात मानपानावरून बिनसलं, आणि तेव्हापासून एक रस्त्याच्या या कडेने गेला तर दुसरा त्या कडेने जायचा. शेठाणींचं माहेर त्यामुळे तुटल्यात जमा होतं. आता हिशेब सोपा दिसत होता. मेव्हण्याने ड्रायव्हर फोडला आणि गाडीची वाट लावली. शेठना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना गाडी दुरुस्त झाल्यासारखा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला जबाबासाठी बोलावलं. त्याच दिवशी आमच्या ठाण्याची तपासणी होती. उपविभागीय अधिकारी नवे, नुकतेच लातूरकडून बदलून आलेले. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासला होता, मुद्देमालाच्या खोलीतली जळमटं काढली होती, आणि कधी इस्त्री न पाहिलेले गणवेश कडक होऊन उभे होते. साहेब यायच्या आत हा जबाब उरकावा असा माझा बेत होता. शेठ बाजूच्या खुर्चीत बसून होते.

ड्रायव्हर आला, हात जोडून उभा राहिला. बस म्हटल्यावर बाकाच्या टोकाला टेकला.

“वायरी तू कापल्यास?”

“नाय साहेब. मी गाडीला पोरासारखी ठेवली. तार कशाला कापीन?”

हे तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला. मग मी नरपड काढलं, आणि त्याची नजर जमिनीला लागली.

“शुक्रवारी तिकडे जातोस?”

“जातो.”

“कशाला?”

“ते नाय सांगता यायचं, साहेब.”

“बघा,” शेठ म्हणाले. “बघा, आला ने बाहेर.”

मी त्याला समजावलं, दटावलं, त्याच्या पडताळणीचा कागद त्याच्यासमोर धरला. ही नोकरी हवी आहे ना, मग बोल, नाहीतर यावर मला जे लिहायचं ते लिहावं लागेल. त्या कागदाकडे त्याने बराच वेळ पाहिलं. त्याचा चेहरा पडला. शेवटी म्हणाला, “तुमाला बरोबर वाटेल ते लिवा, साहेब.”

मला मनापासून राग आला. माणूस वाईट वाटत नव्हता आणि हाताने स्वतःचं वाटोळं करून घेत होता. लपवतोय म्हणजे केलंय, असं मन म्हणत होतं, आणि पेन माझ्या हातात होतं.

त्याच क्षणी बाहेर गाडी बोंबलली.

एक लांबलचक, न थांबणारा हॉर्न. वर चारही बाजूंचे दिवे लुकलुकत होते. मी ड्रॉवर उघडला, चावी जागेवर होती. ड्रायव्हर माझ्यासमोर बसलेला. मेव्हणा नरपडला. आणि शेठ खुर्चीवरून अर्धवट उठलेले, कारण नेमक्या त्या वेळी साहेबांची गाडी फाटकातून आत येत होती. गार्डने दिलेली सलामी त्या आवाजात कुणाला ऐकूच गेली नाही.

हवालदाराने धावत जाऊन बॅटरीची वायर काढली तेव्हा कुठे शांतता झाली. साहेब गाडीजवळ उभे राहिले, त्यांनी एकदा हवा हुंगली आणि मला विचारलं, “काय हो, मुद्देमालात चिकू पिकत घातलेत की काय?”

“नाही सर. इथे मागे वाडी आहे, वास असतोच.”

“वाडी मागे आहे. वास या गाडीतून येतोय.”

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. हवालदाराने जन्मापासून तो वास घेतलेला, शेठचं तर पोटच त्याच्यावर, आणि माझं नाक केव्हाच स्थानिक झालेलं. पंचनाम्यात ‘डिकीत स्टेपनी आहे’ अशी नोंद होती. ती झाकण उचलून केलेली नव्हती. मी डिकी उघडायला लावली आणि हवालदाराला म्हटलं, स्टेपनीवरची फळी उचल.

त्याने फळी उचलली आणि फळीसकट मागे उडी मारली. आतून दोन धष्टपुष्ट उंदीर निघाले. एक साहेबांच्या बुटांमधून फाटकाकडे गेला, दुसऱ्याने सरळ आमच्या लॉकअपचा रस्ता धरला. स्टेपनीच्या खळग्यात भाताचा पेंढा नीट पसरलेला होता आणि त्यात चिकू मांडले होते, काही मऊ पिकलेले, काही कुरतडलेले. मधोमध पेंढ्याचं नवंकोरं घरटं होतं, त्याला लाल, निळ्या, पिवळ्या वायरींच्या सालांची नक्षी. बाजूच्या पॅनेलमागची वायर ताजी सोललेली दिसत होती. डिकीच्या कुलपाची तीच वायर. तिच्या उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की गाडीला वाटायचं डिकी फोडली, आणि ती बोंब ठोकायची. सगळी दुनिया बॉनेटमध्ये उंदीर शोधत होती आणि उंदीर मागच्या बाजूला मेजवानी झोडत होते.

“चिकू?” शेठ म्हणाले. “माझ्या गाडीत?”

ड्रायव्हर दारात उभा होता. तो चिकूकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की चिकू त्याला माहीत होते. उंदीर मात्र त्यालाही नवे होते.

गाडी शुक्रवारी जायची नरपडला, आणि नरपड म्हणजे शेठाणींचं माहेर; मी शेठाणींना फोन लावला. त्या आल्या, डिकीत डोकावल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करत नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, ते मी ठेवले.”

मग सगळं बाहेर आलं. नरपडला भावाच्या घरी त्यांची म्हातारी आई होती. तोंडात दात एक नाही, आणि जीव चिकूवर. चिकू झाडावरून कच्चा उतरवतात आणि कच्चाच पेटीत भरतात. पिकलेला चिकू पाठवायचा तर आधी घरात पिकवा. घरातून पाटी निघाली की शेठ विचारणार, कुणाकडे? म्हणून त्यांनी सोमवारी स्टेपनीभोवती पेंढ्यात चिकू ठेवायचे. बंद गाडी उन्हात तापते, शुक्रवारपर्यंत फळ तयार. ड्रायव्हर ते म्हातारीला पोचवायचा.

“त्याला मी आईची शपथ घातली होती, साहेब. यांना सांगायचं नाही म्हणून.”

शेठ ड्रायव्हरकडे वळले. “अरे, नोकरी चालली होती तुझी. तरी बोलला नाय?”

“काकीला शब्द दिलता, शेठ.”

शेठनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, घडी केली, परत पुसलं. मग बायकोला म्हणाले, “मला सांगायचं ने.”

“सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?”

शेठ डिकीत वाकले, न कुरतडलेले मऊ चिकू एकेक करून वेचले, रुमालात बांधले, आणि आमच्या शिपायाला रिक्षा बोलवायला सांगितलं. नवरा-बायको दोघं रिक्षात बसले. रिक्षा घराच्या दिशेला वळली नाही, नरपडच्या दिशेला वळली. माझ्या हवालदाराने ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं आणि नाक ओढलं. मी त्याला म्हटलं, आता पंचनामा नीट लिही.

साहेबांनी तपासणीच्या शेऱ्यात आमच्या स्वच्छतेचं कौतुक केलं आणि तोंडी विचारलं, “आरोपींचं काय?” मी सांगितलं, एक फरार, एक लॉकअपमध्ये. ते मनसोक्त हसले.

या केसने मला जे शिकवलं ते प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. माणूस काही लपवत असेल तर आपण लगेच धरून चालतो की तो गुन्हाच लपवतोय. पुष्कळदा तो दुसऱ्याचं काहीतरी जपत असतो. आणि जे रोज नाकाखाली असतं त्याचा वास आपल्याला येत नाही, त्याला लातूरचा माणूस लागतो. त्या दुपारी मी ड्रायव्हरच्या कागदावर छापील वाक्य लिहिलं, ‘अर्जदाराविरुद्ध प्रतिकूल काही आढळून आले नाही’. जीव गेला तरी शब्द मोडत नाही, असं लिहायला त्यात रकाना नव्हता याचं मला वाईट वाटलं.

निवृत्तीनंतर एकदा तिकडे गेलो होतो. रेल्वे फाटक बंद होतं आणि पुढे शेठची गाडी उभी होती. ड्रायव्हर ठेवणं सोडून दिलं, आता स्वतःच चालवतो म्हणाले. मागच्या सीटवर प्लास्टिक नव्हतं. तिथे पिकलेल्या चिकूंची पाटी होती, उघडी, आणि पाटीशेजारी सासूबाई बसून एक चिकू खात होत्या. रस सीटवर सांडत होता आणि शेठ आरशातून तो बघत होते, पण बोलत नव्हते. तेवढ्यात समोरच्या बाजूला तलासरीच्या शाळेची बस येऊन थांबली आणि तिने दोनदा हॉर्न दिला.

शेठनीही दोनदा दिला. “आपलाच माणूस आहे,” ते मला म्हणाले.