चेपलेला बुश

ट्रान्झिस्टर आता आणखी लहान होत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची शाखाच बंद करायची, असं आमच्या प्राचार्यांनी ठरवलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. बदलापूरच्या या डिप्लोमा कॉलेजात मी एकोणीस वर्षं तोच विषय शिकवतेय. त्यांचं निम्मं म्हणणं खरं होतं. ट्रान्झिस्टर म्हणजे एक इवला स्विच; त्याच्या आतली भिंत मोजक्या अणूंइतकी पातळ झाली की इलेक्ट्रॉन तिच्यातून पलीकडे निसटतात, बंद केलेला स्विच पुरता बंद होत नाही आणि चिप तापते. पण म्हणून सगळं संपलं?

शाखेवरच्या मीटिंगला मी पर्समधून बाबांचा बुश नेला, यंत्राच्या दांड्याभोवती बसते ती छोटी नळी. बाबा अंबरनाथला एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर धातूचे भाग कातायचे. एकदा बारीक मापाच्या हट्टापायी त्यांनी ही पितळी नळी आतून इतकी कोरली, की लेथच्या पकडीतच ती चेपली. साहेबांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तोच भाग दोन तुकड्यांत करून त्यांनी एकमेकांत बसवला, आणि काम झालं. चेपलेला बुश मात्र घरी आणून टीव्हीवर ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून.

तो टेबलावर ठेवून मी म्हटलं, चिपचंही आता हेच चाललंय. छोटे तुकडे जोडतात, एकावर एक रचतात, उल्हासनगरच्या जुन्या बैठ्या बराकींवर मजले चढले तसे. मधल्या मजल्यावर उकडतं. ती उष्णता बाहेर कशी काढायची, हे अजून कुणाला पुरतं जमलेलं नाही. त्यासाठी आपलीच मुलं लागणार आहेत.

प्राचार्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या मुलीचा फॉर्म कुठल्या शाखेला भरलात?"

कम्प्युटरला. मीच भरला होता. तिला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं. नोकरीची भीती घालून मी तिला गप्प केलं होतं. सगळ्यांसमोर हे कबूल करताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं, सर," मी म्हटलं. "बाबांनी त्यांची चूक टीव्हीवर ठेवली, मी माझी लपवली. उद्यापर्यंत मुदत आहे. शाखेचा पहिला फॉर्म तिचा असेल, तिची अजून इच्छा असली तर."

एका फॉर्मवर शाखा चालत नाही, असं म्हणून ते उठले.

शिरगावला घरी आल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं. कपाटातून तिने दुसरा फॉर्म काढला. इलेक्ट्रॉनिक्सचा, पूर्ण भरलेला. पालकाच्या सहीची जागा तेवढी मोकळी होती.

सही करून सकाळी तो प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. उडू नये म्हणून वर बुश ठेवला, आणि म्हटलं, "एक झाला. बाकीचे आणते."