जिभेखालचं छिद्र

मुलुंडला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर तिचं एक्स-रे क्लिनिक होतं. साडीवरचा शिशाचा जड एप्रन न काढताच ही डॉक्टरीण दारात चहा प्यायची आणि सगळ्यांना अरे-तुरे करायची.

त्या वर्षी जेवायला बसलं की माझ्या जबड्याखाली टम्म फुगायचं. सर्जन म्हणाले, लाळेच्या वाटेत खडा अडकलाय, गळ्यावर काप घेऊन लाळेची ग्रंथीच काढू. ती म्हणाली, "आधी खडा कुठे अडकलाय ते बघू दे ना मला."

स्कॅन वगैरे तेव्हा आमच्याकडे नव्हते. जिभेखालच्या बारीक छिद्रातून एक्स-रेत दिसणारं औषध सोडून फोटो काढायचा होता. दोनदा ते छिद्रच सापडलं नाही. मी रडकुंडीला आले. "राहू दे आता," म्हटलं.

"दुखतंय, कळतंय मला. पण गळा कापून घेण्याआधी अजून एकदा."

तिनं माझ्या जिभेवर लिंबू पिळलं आणि लाळेचा थेंब कुठून येतो ते वाकून बघत राहिली. थेंब दिसला, तिथेच तिनं नळी सरकवली.

फोटोत खडा छिद्राच्या अगदी जवळ दिसला. ओली फिल्म घेऊन ती स्वतः सर्जनकडे गेली. त्यांनी खडा तोंडातूनच काढला.

त्यानंतर जिन्यात भेटली की ती माझी हनुवटी वर करायची, जबड्याखाली अंगठ्यानं दाबून बघायची आणि पुढे जायची.