डब्याचा वास

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये माझे एक सहकारी जंतुनाशकातलं फिनॉल तपासायचे आणि मी शेजारच्या खोलीत प्लेटांवर जंतू वाढवायचे. ते मोरिवलीत एकटेच राहायचे. रोज जेवायच्या सुट्टीत डबा उघडून माझ्यापुढे धरायचे.

"मॅडम, फिनॉलनं माझं नाक गेलंय. आमटी आंबली नाही ना, जरा बघता?"

मला कंटाळा यायचा, तरी मी वास घ्यायचे. "लसूण करपलाय वाटतं," म्हटलं की उलट खूश व्हायचे आणि समोर बसून सावकाश जेवायचे.

एकदा जेवता जेवता त्यांनी मान वर केली. "फिनॉलच्या बाटलीचं झाकण कोणीतरी उघडं टाकलंय."

मला तर कसलाच वास येत नव्हता. आत जाऊन बघितलं, तर त्यांच्या टेबलावर बाटली खरंच उघडी होती. झाकण घट्ट लावून मी परत आले. ते खाली मान घालून भात कालवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडला, पण पुढे केला नाही. मीच तो ओढून घेतला आणि वास घेतला.

"चांगली आहे. जेवा."