विलासचा गुडघा

विलास गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. वडूजला सकाळी शाळेत निघताना बूट घालता घालता त्याचं हृदय बंद पडलं. वय बावन्न. त्या बातमीखाली दोनच मिनिटांत कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं. मी चिडून फोन पालथा ठेवला, आणि मग रडलो. सव्वा महिना झाला. लिहायचं टाळत होतो, कारण विलासबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागणार होतं.

वडूजचा हा पोरगा सांगलीला कॉलेजात आला तेव्हा सव्वासहा फूट उंच होता आणि बास्केटबॉल त्यानं कधी हातात धरला नव्हता. आमच्या सरांनी उंची बघूनच त्याला मैदानावर ओढला. पहिल्या दिवशी चेंडू काखेत मारून तो सरळ पळत सुटला. आम्ही हसून बेजार. "हसा गड्यांनो," तो म्हणाला, "दिवाळीपत्तुर तुमच्या डोक्यावरनं टाकतो का न्हाई बघा." दिवाळीच्या आधीच टाकायला लागला. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघात, तिसऱ्या वर्षी राज्याच्या निवड शिबिराचं बोलावणं. त्याला पास द्यायचे एवढंच माझं कर्तृत्व, पण त्या पासांचा मला भारी गर्व होता.

शिबिराला नऊ दिवस उरले असताना सरावात तो उडी मारून खाली आला आणि गुडघा धरून बसला. सर गावाला गेलेले. मिरजेचे दवाखाने जवळच होते, पण डॉक्टर प्लास्टर घालणार आणि शिबिर हुकणार, ही आमची भीती. माधवनगरला माझे चुलते आप्पा तालमीत पैलवानांचे हातपाय बसवायचे. आमच्या घरात खांदा निखळला की आप्पा, पाय मुरगळला की आप्पा; डॉक्टर फक्त तापाला. मीच विलासला डबलसीट घेऊन गेलो. "आवं आप्पा, नऊ दिवसांत पळाय पायजे," तो म्हणाला. आप्पांनी रोज तेल लावून रगडलं, दोनदा झटका देऊन ओढलं. विलासनं दात आवळले... ओरडला नाही. सूज उतरली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

शिबिरात दुसऱ्याच दिवशी गुडघा पार गेला. मग मिरज. डॉक्टरांनी आत काय काय तुटलंय ते सांगितलं आणि विचारलं, "हे रगडलं कुणी?" ऑपरेशननंतर तो तीन-चार वर्षं खेळला, पण ती उडी परत आली नाही. आधी बाकावर, मग घरी. पुढं वडूजच्या शाळेत क्रीडाशिक्षक झाला. मैत्री टिकली, माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं पंगतीत वाढलं. गुडघ्याचा विषय तेवढा आम्ही काढत नव्हतो. एकदाच मी म्हणालो, "विलास, तेव्हा मी..." तर म्हणाला, "जेव गड्या, भाकरी गार व्हतीया." त्यानं मला माफ केलंय की मनात धरलंय, हे तीस वर्षं कळलं नाही. आणि आता विचारणार कुणाला?

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला वडूजला गेलो. परतताना शाळेच्या मैदानावर थांबलो. मुलींचा संघ सरांवाचून सराव करत होता. एक मुलगी पडली, तिनं गुडघा धरला. मी धावत गेलो, खाली बसलो, तर कप्तान पोरगी मधे आली.

"काका, हात लावू नका. आदी डॉक्टर. सरांचा नियम हाय."

"एवढा कडक?"

"व्हय. त्यांच्या दोस्तानं लय मायेनं चूक केली हुती म्हणं. सर सांगायचे, माया करा, पर गुडघा डॉक्टरलाच दावा."

"दोस्त म्हणायचे सर?" मी विचारलं.

"व्हय की. दोस्तच म्हणायचे."

दोघींनी हातांची खुर्ची करून त्या पोरीला उचललं. मी रिक्षा थांबवली आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो.