उलटं फिरणारं लेथ

फिटरकाका कामाला बसले आहेत की नाही, हे बघायला गल्लीत कुणी त्यांच्या घरी जात नसे. आपल्या घरातल्या दिव्याकडे बघायचं. तो पिवळा पडून लाजल्यासारखा मिणमिणायला लागला, की समजायचं, काका बसले.

कारखान्यातून निवृत्त होताना बाकीच्यांनी भेट म्हणून घड्याळं घेतली. काकांनी मोडीत निघालेलं लेथ, म्हणजे धातू गरगर फिरवून कापायचं यंत्र, मागून घेतलं. ते मागच्या खोलीत न्यायला दार काढावं लागलं, शिवाय भिंतीचा एक कोपरा. खोलीतलं कपाट बाहेर आलं ते आजतागायत व्हरांड्यातच आहे. काकू पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे साड्यासुद्धा मोकळ्या हवेत राहतात."

एवढं करून लेथ चालेल तर शपथ. त्याची मोटर कारखान्यात लाडात वाढलेली, तीन फेजवर पोसलेली. काकांच्या घरात फेज यायची एक, तीही गावाच्या या टोकापर्यंत येता येता दमलेली. बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणायची, गल्लीचे दिवे पिवळे पाडायची, पण जागची हलायची नाही. मग काकांनी युक्ती काढली. मोटरच्या चाकाला दोरी गुंडाळायची, एकाने ती हिसका देऊन ओढायची आणि चाक फिरताक्षणी दुसऱ्याने बटण दाबायचं. ज्या बाजूला हिसका द्याल त्या बाजूला मोटर फिरायची. उलटं काय नि सुलटं काय, तिला दोन्ही सारखंच.

पण त्यालाही निदान दोनशे व्होल्ट लागत. काकांनी भिंतीवर व्होल्टमीटर लावला होता आणि सकाळी उठून ते आधी त्याचं तोंड बघत. काटा दीडशेपाशी दुखणाईतासारखा पडलेला असे.

अशात गल्लीच्या टाकीचा पंप बंद पडला. त्याचा बुश, म्हणजे पंपाचा दांडा जिच्यात फिरतो ती पितळी बांगडी, पार झिजला होता. नवीन यायला आठवडा. तीन दिवस लांबून बादल्या वाहिल्यावर काकूंनी चौथ्या दिवशी भरलेली बादली काकांच्या पुढ्यात ठेवली.

"माझा भाऊ चारला टेम्पो घेऊन येतोय. तोवर बुश झाला तर लेथ राहील. नाही तर लेथ भंगारात आणि कपाट आत."

"अगं, पण व्होल्टेज..."

"ते मला नका सांगू. मुलगा यंत्रं दुरुस्त करतो, असं तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं. गल्लीचे दिवे घालवतो, हे नव्हतं सांगितलं."

काकांनी घरोघरी जाऊन हात जोडले. दोन वाजता लोखंडाच्या तुकड्यावर तीन टोले देईन, तेव्हा अर्धा तास सगळं बंद ठेवा. पंप गल्लीचाच, त्यामुळे सगळे एका पायावर तयार झाले.

दोनला टोले पडले. काटा उठून बसला. एकशेऐंशी, दोनशे, दोनशेदहा. काकांनी दोरी गुंडाळली आणि काटा धाडकन एकशेचाळीसवर आला.

काका धावत बाहेर. शेजारचे मास्तर दारातच उभे होते.

"मास्तर, काही लावलंत का?"

"छे. फक्त इस्त्री लावून बघितली, व्होल्टेज आलं का ते."

"आणि आलं?"

"आलं होतं. मग गेलं."

शिंपीणबाईंनी हीटर लावून बघितला होता. पलीकडच्यांनी मिक्सर. काकांसाठी व्होल्टेज वाढलंय का, याची काळजी प्रत्येक घराला होती आणि प्रत्येक घराने आपापल्या परीने खात्री करून घेतली होती.

काकांनी घरात जाऊन व्होल्टमीटर भिंतीवरून काढला, लांब वायर जोडली आणि व्हरांड्यात साड्यांच्या कपाटावर मांडला. "ज्याला बघायचंय त्याने इथे येऊन बघा. घरी कुणी काही लावायचं नाही."

लोक आले. एक कुतूहल म्हणून, दुसरा, पहिला का गेला ते बघायला. मास्तरांनी खुर्ची आणली. पंधरा मिनिटांत अख्खी गल्ली काकांच्या अंगणात जमली आणि घरं रिकामी पडली. बटण दाबायला मागे कुणी उरलंच नाही.

"दोनशेवीस," मास्तरांनी निकाल वाचल्यासारखं सांगितलं.

वायर शोधण्यात आणि माणसं जमवण्यात साडेतीन वाजले होते. काकांचा खांदा दुखरा, म्हणून ते बटणापाशी उभे राहिले आणि दोरी काकूंनी धरली. तीन दिवसांच्या बादल्यांचा राग त्या हिसक्यात होता. मोटर लागली, घोंघावली, लेथ गरगरा फिरायला लागलं. उलटं. काकू भिंतीच्या बाजूने उभ्या होत्या आणि त्यांनी दोरी आपल्या सोयीने गुंडाळली होती.

"उलटं फिरतंय," काका म्हणाले.

"फिरतंय ना? मग कापा."

"असं कापत नाही ते. बंद करून पुन्हा..."

"बंद करा, की मी भावाला सांगते दोरखंडच आण."

काकांनी चालत्या यंत्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि दोघांपैकी कुणालाही वळवणं शक्य नाही हे ओळखलं. मग त्यांनी कापायचं टूलच पालथं बसवलं, धार खाली करून. पितळेची पिवळीधमक साल वळत वळत पडायला लागली. बाहेर मास्तर आकडा सांगत राहिले आणि एकही माणूस घरी गेला नाही.

चारला टेम्पो आला तेव्हा बुश काकांच्या तळहातावर होता, अजून गरम. पाचला पंपाने पाणी ओढलं.

मेव्हण्याने लेथला कौतुकाने हात लावला. "दाजी, आमच्या फाटकाची बिजागरी झिजलीय. तेवढी पिन करून द्या ना आता."

काका खुशीत बटणापाशी गेले. व्हरांड्यात काटा एकशेदहावर पडला होता. पंप चालू होता आणि गल्लीची सगळी वीज एकटा पीत होता.

"टाकी भरेपर्यंत थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी दोरी नीट गुंडाळून आपल्या कपाटात ठेवली, साड्यांच्या खाली, आणि कुलूप लावलं. "लेथ राहील म्हटलंय मी. कधी फिरेल, ते मला विचारायचं."