अर्जाला जोडायचा एक कागद

शेवटचं धड काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते बाज विणायचं. मी आतून सुंभ ओवत होतो, आमच्या चर्चचे पाळकसाहेब बाहेरून ताण देत होते. "ढिलं सोडू नको. पोरगी झोपणार हाय याच्यावर, तू न्हाई." दिवस मावळायच्या आत बाज झाली. साठी उलटलेला माणूस, पण वर बसून दोनदा उसळून पाहिलं आणि म्हणाले, "बराबर." त्यानंतर आमच्यात काही बराबर राहिलं नाही.

तुमच्यापैकी कुणी जालन्याच्या स्टेशनाकडं राहिलं असेल तर त्यांना पाहिलं असेल. खूण सांगतो. उजव्या कानावरच्या पांढऱ्या केसांत निळा पट्टा. लिहून झालं की टाक ते डोक्याला पुसायचे. माझ्या बायकोनं दोनदा फडकं शिवून दिलं, तरी डोक्यालाच. ती म्हणायची, "दादा, डोक्यातलं कागदावर उतरवता का कागदावरचं डोक्यात?" ते हसायचे आणि परत पुसायचे.

मिशनच्या कंपाउंडात आमची घरं शेजारी, मधे कमरेएवढी भिंत. मी मिशनची बैलांची दमणी हाकायचो, बागेला पाणी द्यायचो. मराठी चौथीपर्यंत शिकलो, पुढं बैलांनी शिकवलं. कुणाला कसलीही चिठ्ठी लागली की पाळकसाहेबांकडं जायचं. पण चिठ्ठी मागताना माणूस घाबरायचा, कारण ते खरं लिहायचे.

एकदा बंगल्यावरच्या आचाऱ्याला परभणीला नोकरी लागत होती. यांनी लिहिलं, 'माणूस प्रामाणिक आहे. स्वयंपाक चांगला करतो. मीठ विसरतो.' आचारी रडकुंडीला आला.

"मिठाचं कायला लिहिलं, साहेब?"

"आधी वर वाचतात, मंग खाली," ते आभाळाकडं बोट करून म्हणाले. "वर ठाऊक हाय तुझं मीठ."

आचाऱ्याला नोकरी लागली. तिथल्या साहेबाला डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं. हा किस्सा मी शंभरदा सांगून हसलो असेन. पाळी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमची पोरगी मॅट्रिक पास झाली, कंपाउंडातली पहिलीच. तिला मिशनच्या कॉलेजात जायचं होतं, लांब, रेल्वेनं एक दिवस आणि एक रात्र. अर्ज इंग्रजीत, चार पानांचा. शाळेच्या बाईंनी मराठीत समजावला तो पोरीनं पाठच केला. भांडी घासताना म्हणायची, "शाळेचा दाखला, बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल, डॉक्टरची चिठ्ठी, बापाची संमती, पाळकाचं मोहोरबंद पत्र. हॉस्टेलसाठी दोन पांढरी पातळं, एक तांब्या, एक बाज." तिची आई बोटं मोजायची. पातळं झाली, तांब्याला कल्हई झाली, बाज झाली. राहिलं पाळकाचं पत्र.

त्याच संध्याकाळी, हाताला सुंभाचे काथे तसेच, मी त्यांच्यापुढं दाखला ठेवला.

आता माझं सांगतो. पोरीला सरकारी हायस्कुलात घातलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, ख्रिस्ती लिहिलं तर फी भरावी लागेल, हिंदू आणि जुनी जात लिहिली तर माफ. मी म्हणालो, लिहा. बायकोला सांगितलं नाही. पाळकसाहेबांना तर नाहीच.

त्यांनी दाखला वाचला. बाप्तिस्म्याची नक्कल शेजारी ठेवली. परत दाखला वाचला.

"हे काय हाय?"

"कारकुनाची चूक हाय. तुम्ही तसं लिहा पत्रात."

"कारकुनाची?"

मी भिंतीकडं पाहिलं. "फी व्हती, साहेब."

"मंग चूक कारकुनाची न्हाई."

"एक ओळ हाय. एका ओळीनं काय व्हतंय?"

"आधी वर वाचतात, मंग..."

"वर फी कोण भरतं?" मी ओरडलो.

बायको दारात उभी होती. तिला तिथंच कळलं सगळं. माझ्याकडं न बघता ती त्यांना म्हणाली, "दादा, पोरीनं काय केलं व्हतं?" त्यांनी टाक उचलला, दौतीत न बुडवताच डोक्याला पुसला आणि खाली ठेवला.

पत्रात त्यांनी खरं तेच लिहिलं, चूक बापाची. महिन्याभरात कॉलेजचं उत्तर आलं, बाईंनी वाचून दाखवलं. मुलगी हुशार आहे, पाळकांनी तिची फार शिफारस केली आहे, पण कागद जुळत नाहीत. बापानं तहसीलात शपथेवर हलफनामा करावा की नोंद मी खोटी सांगितली. दाखला दुरुस्त झाला की पुढच्या वर्षी जागा देऊ.

त्याच दिवशी पाळकसाहेब हलफनामा लिहून घेऊन आले. सुंदर अक्षर. खाली माझ्या सहीपुरती जागा.

"उद्या जाऊ दोघं. मी संगं येतो."

"मी साऱ्या जालन्यापुढं खोटा म्हणून सही करू? तुमचं खरं राह्यलं ना वर? मंग तिथंच ऱ्हा."

पोरगी म्हणाली, "बाबा, सही करायला तुम्हाला दोन मिनिटं लागत्यात."

मी सही केली नाही. दिवाळीच्या मागं मंठ्याकडचं स्थळ पाहून तिचं लग्न लावून टाकलं. बाज तिनं नेली नाही. पातळंही नेली नाहीत.

पुढं सहा वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. मधे कमरेएवढी भिंत, आणि रोज सकाळी तिकडून "सलाम" यायचा. मी बैलांना हाका मारायचो. पहिली दोन वर्षं जून लागला की ते भिंतीपाशी येऊन म्हणायचे, "लग्न झालेल्या पोरीलाबी घेत्यात. मी इचारलंय." मी आत गेलो. माझी बायको मात्र रोज त्यांना भाकरी द्यायची, माझ्यादेखत, भिंतीवरून. मी कधी अडवलं नाही. अडवायचं तोंड नव्हतं.

बायको गेली ती त्याच बाजेवर. तापानं, नऊ दिवसांत. त्यांनी प्रार्थना केली, माती दिली, हात पुढं केला. मी तो घेतला नाही. बायकोच्या कबरीवरसुद्धा नाही. असा माणूस मी.

दोन वर्षांनी तेही गेले. अंघोळ घालायला मला बोलावलं, कारण कंपाउंडात माझ्याएवढा जुना कुणी उरला नव्हता. साबण लावला, घासलं. निळा पट्टा गेला नाही. दिवस असताच त्यांना पुरलं. घरी येऊन सदरा बदलावा म्हणून बायकोची ट्रंक उघडली. ती गेल्यापासून उघडली नव्हती. तळाशी दोन पांढरी पातळं, कोरी. त्यांच्या घडीत हलफनामा. तिनं जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांना चारा टाकून मी तहसीलात गेलो. कारकून पोरसवदा होता. त्यानं कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत वाचला.

"बाबा, मुलगी कोणत्या वर्गात हाय?"

"तिला तीन लेकरं हायेत."

"मंग हे आता कशाला?"

मी म्हणालो, टाक दे. त्यानं दिला. तहसीलदारापुढं मी सही केली, सावकाश. खरंच दोन मिनिटं लागली. मग टाक डोक्याला पुसला आणि कारकुनाला परत दिला.