कचेरीचा मोठा माणूस

लंबू हा माझ्या पणजोबांचा थोरला भाऊ. डोंगरातला मध काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, कारण इतरांना जिथं शिडी लागायची तिथं त्याचा नुसता हात पोचायचा. बाकी माणूस अगदी गरीब. चार लोकांत बोलायची वेळ आली की याला हटकून खोकला यायचा. अशा माणसाला सरकारनं आमचा प्रमुख केलं, तेही एका दुपारी, जेवायच्या आधी.

झालं ते असं. राज्य नवं होतं, साहेब परमुलखातला होता. टेबल-खुर्ची हमालांच्या डोक्यावर देऊन तो डोंगरावर आला. त्याच्या कागदात एक रकाना होता : जमातीचा प्रमुख. आमच्यात असलं काही नव्हतंच. काही ठरवायचं असलं की सगळे गोल करून बसायचे, बायकासुद्धा, आणि शेवटच्या माणसाची कुरकुर थांबेपर्यंत कुणी उठायचं नाही. कधी कधी दोन दोन दिवस लागायचे. साहेबाला एवढी सवड कुठली? आणि रिकामा रकाना तर त्याच्या डोळ्यांत खुपायचा. त्याच्या दुभाष्याला आमची भाषा जेमतेम येत होती. त्यानं विचारलं, "तुमच्यात सगळ्यात मोठा कोण?"

एवढंच ना, म्हणून सगळ्यांनी लंबूकडे बोट दाखवलं. लंबू उभा राहिला. साहेबानं मान वर करून करून पाहिलं आणि त्याची खात्री पटली.

लंबूला कोट मिळाला, बाह्या कोपरापर्यंतच आल्या. खुर्ची मिळाली, ती दारातून आत जाईना, म्हणून अंगणात राहिली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. वस्ती पोट धरून हसली, लंबूही हसला. मग हुकूम आला, की इथून पुढे लाकूड तोडायचं तर प्रमुखाची परवानगी हवी. शिपाई वाटेत अडवून विचारू लागला. आधी लांबचे आले, मग शेजारी, आणि एक दिवस लंबूची सख्खी बहीण दारात उभी राहून म्हणाली, "दादा, चुलीपुरती लाकडं आणू का?" त्या दिवशी लंबूला जेवण गेलं नाही. पण तो "आण" म्हणाला, हेही सांगायला हवं.

तीन वर्षांनी कचेरीतून बोलावणं आलं. साहेबासमोर कारकुनानं कागद वाचून दाखवला : आम्ही हा डोंगर राजीखुशीनं सरकारला देत आहोत आणि पावसाळ्याआधी तो सोडून जाऊ. मग शाईची डबी पुढे सरकवून म्हणाला, "हं, अंगठा."

लंबूला खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाला, "डोंगर माझा नाही, साहेब. सगळ्यांना विचारावं लागेल."

"सगळ्यांना कशाला?" कारकून म्हणाला, "प्रमुख तू आहेस ना?"

"मी नुसता उंच आहे."

कारकुनाला हसू आलं. साहेबाला आलं नाही. त्यानं तिथल्या तिथं लंबूचं नाव खोडलं आणि कोट काढून ठेवायला सांगितलं.

लंबू उघड्या अंगानं पण हलक्या मनानं निघाला. प्रमुखच उरला नाही, तर हे अंगठा कुणाचा घेणार? डोंगर वाचला, असा त्याचा हिशेब. आमच्या घराण्यात एवढी हिंमत पुन्हा कुणी दाखवली नाही. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि त्याच्या भाबडेपणाचा रागही येतो. शिपाई घोड्यावरून त्याला मागे टाकून वस्तीत पोचला होता, एवढं तरी त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

अर्ध्या चढावर त्याला वस्तीतले सात जण उतरताना भेटले. केस विंचरलेले, हात स्वच्छ धुतलेले, आणि एकमेकांशी कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांत पुढे माझे पणजोबा होते.

"दादा," त्यांनी अदबीनं विचारलं, "जागा रिकामी झाली म्हणे. खरं का?"